पेण-रोहा, व्हाया चेंबर

जुन्या महिंद्र जीपचं मूळचं पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचं. गुणी, पण पिण्यात हात आखडता घेणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून एके काळी अनेकांनी ते उतरवून जीपमध्ये डिझेल बसवलं: कुणी प्यूजो, कुणी मॅटॅडोरचं, कुणी हाताला लागेल ते. आम्हीही रोह्यातल्या गॅरेजात, भंगारात निघालेल्या एका जीपचं प्यूजो चढवलं. आमच्या जीपच्या घरात ते घरजावई म्हणून आलं, आणि पहिल्या दिवसापासून तेल गाळू लागलं.

इंजिन बदललं की आरसी बुकात नोंद हवी. एमएच ०६ चं आरटीओ पेणला, त्यामुळे रोहा-पेण वारी ठरलेली. भिसे खिंड चढताना घरजावई छान गुरगुरले. पुढे महामार्ग. त्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्यामुळे तिथल्या काही खड्ड्यांना आता सेवाज्येष्ठता आहे. वडखळला चहाला थांबलो तर खाली काळं तळं. टपरीवाल्याने आधी तळ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे पैसे आगाऊ मागितले.

गळती दिसली की बघणारा प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. आमच्या मेकॅनिकचं निदान ‘मागचं सील’. सील स्वस्त असतं हो, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. शेजाऱ्यांच्या मते चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचं, पॅकिंग. काका म्हणाले, “आवळ रे जरा.” काकांचा सगळ्या दुखण्यांवर हाच उपाय. पत्र्याचं चेंबर जास्त आवळलं की त्याची कड वाकते आणि थेंबाची धार होते, हे काकांना सांगायचं कुणी? ते स्वतःच पाना घेऊन गाडीखाली शिरले होते. बाहेर आले तेव्हा धार लागलेली होती आणि काका समाधानी होते. “बघ, आता तरी कळतंय कुठून येतंय ते.”

विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांनी भूदानासाठी सारा देश पायी पालथा घातला. त्यामागचं तत्त्व थोर आहेच, पण शहाणपणही कमी नाही, असं मला हल्ली वाटतं.

शेवटी उत्तर पेणनेच दिलं. गणपतीचे दिवस जवळ आलेले, कारखान्यांतून पांढऱ्या मूर्तींच्या रांगा. ओळखीच्या एका कारखान्यापाशी जीप लावली होती. डोळ्यांची आखणी करणारे एक वयस्क कारागीर ब्रश पुसत बाहेर आले. तेल म्हणजे मोठं लबाड, वाऱ्याने मागे सरकत, कडेकडेने उतरत भलत्याच ठिकाणाहून टपकतं, हे मी त्यांना सांगत होतो. त्यांनी शांतपणे शंखजिऱ्याचा डबा आणला. इंजिन डिझेलने धुतलं, कोरडं केलं, वर पूड उडवली. पेणात एक फेरी मारून बॉनेट उघडलं. पांढऱ्या पुडीवर काळी रेघ ठसठशीत उमटलेली. जन्मभर केसाएवढ्या रेघा ओढलेला माणूस तो. वाकून म्हणाला, “दादा, ही खालची नाही. वर टॅपेट कव्हरपासून येते.”

मग कारणही सापडलं. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरात उतरतोच. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदरची नळी असते. नवं इंजिन बसवताना बॅटरीच्या ट्रेखाली ती नळी चेपली गेली होती. आत दाब वाढला आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडायला लागलं. घरजावयाला आम्ही खोली दिली, मान दिला, फक्त श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती.

हातभर रबरी नळी, नवं पॅकिंग, आणि काकांच्या हाताला पाना लागू न देणं, एवढ्यात काम झालं. मेकॅनिक मात्र हरला नाही. “वरून गळत होतं म्हणजे मागचं सील चांगलं आहे असं नाही,” तो म्हणाला, आणि वहीत सील लिहून ठेवलं.

मी कारखान्यात शंखजिऱ्याचा डबा परत द्यायला गेलो आणि यंदाची मूर्ती सांगितली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी जीप घेऊनच येतो, असं म्हणालो. कारागिरांनी ब्रश खाली ठेवला. बॉनेटकडे बघितलं, मग खाली वाकून चेंबरकडे बघितलं, जमिनीवरून बोट फिरवून तेही बघितलं. बोट कोरडं होतं.

“तुम्ही या जीपने,” ते म्हणाले. “बाप्पाला मी टेम्पोने पाठवतो.”