हे आपलंच की रे!

बर्कलेच्या विद्यापीठातून दक्षिणेला बाहेर पडलं की बॅन्क्रॉफ्ट वे लागतो. त्याच्या पलीकडचा रस्ता ड्युरंट अ‍ॅव्हेन्यू. विद्यार्थ्यांची पोटं सांभाळायचं काम हा रस्ता करतो. चिनी, कोरियन, जपानी, थाई अशी खाण्याची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. बारा-तेरा डॉलरांत एवढा भात मिळतो की अर्धा डब्यात भरून रात्रीची सोय होते. इथे येणारी मराठी मुलं दोन प्रकारची. पहिल्या प्रकारातला मुलगा मेनू वाचतो, दचकतो आणि एग फ्राइड राइसवर पदवी काढून घरी जातो. दुसऱ्या प्रकारात तात्या येतो.

तात्याचं वय चोवीस, गाव कुडाळ. समोरच्याच्या घासागणिक माहिती पुरवायची खोड असल्यामुळे आमच्या इथल्या घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याला तात्या करून टाकलं. असा एक तात्या प्रत्येक भाड्याच्या घरात असतो, आमचा फक्त जरा मोठ्या आवाजाचा आहे.

नव्या ठिकाणी गेला की तात्या मेनूला हात लावत नाही. आधी आजूबाजूच्या टेबलांवरून एक फेरी मारतो, लोकांच्या ताटात निःसंकोच डोकावतो. मग एखाद्या पदार्थाकडे हनुवटी करून आम्हाला विचारतो, ‘‘काय खातायत ते?’’ आम्ही गप्प. उत्तर त्याच्याकडे तयारच असतं. पदार्थ आला, पहिला घास गेला, डोळे मिटले की निकाल लागतो : ‘‘हे आपलंच की रे!’’

या निकालावर अपील नाही. व्हिएतनामी बान्ह शिओ म्हणजे तांदळाचं पीठ आणि हळद, म्हणून ते घावन. थाई सोम तामवर सुकी कोळंबी दिसली, म्हणून ती पपईची कोशिंबीर ‘आपल्या बाजूची’. जपानी दुकानात सुक्या माशाचा वास आला तर याला कुडाळचा बुधवारचा बाजार आठवतो. कोरियन जेवणाबरोबर छोट्या वाट्यांतून किमची, मोडाचं काहीतरी, बटाट्याचं काहीतरी येतं आणि संपलं की फुकट पुन्हा येतं. तिथे मात्र तात्याने प्रामाणिकपणे कबूल केलं, ‘‘हे आपलं नाही. आपल्याकडे जादा पोळीचे पैसे लावतात.’’

सोमवार तो पाळतो. त्या दिवशी मासमच्छी बंद. मग फिश सॉसचं काय, असं कुणी विचारलंच तर तात्याचं धर्मशास्त्र सोपं आहे : काटा नाही तो मासा नाही.

परवा एका नव्या मुलीने सेचुआन पद्धतीच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मंचुरियन मागितलं. काउंटरवरचा माणूस तिच्याकडे बघतच राहिला. तात्याला यापेक्षा मोठी पर्वणी कुठली? रांग थांबवून त्याने तिला सांगितलं की चिकन मंचुरियन जन्मलं मुंबईत, 1975च्या सुमारास, चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, आणि ते केलं नेल्सन वाँग नावाच्या कलकत्त्याच्या चिनी आचाऱ्याने. आलं, लसूण, हिरवी मिरची घातली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. ‘‘म्हणजे ते आपलंच!’’ त्याचा निकाल शंभर टक्के बरोबर निघालेली ही एक वेळ. मागचे लोक घड्याळं बघत होते, ही गोष्ट वेगळी.

त्याच दुकानात आम्ही पहिल्यांदा मापो टोफू खाल्लं होतं. दोन घासांत जीभ बधिर. आमच्यातल्या एकाला वाटलं, अ‍ॅलर्जी झाली, तो पाण्यावर पाणी प्यायला लागला. तात्या डोळे मिटून बसलेला. मग एकदम ओरडला, ‘‘अरे, ही तर तिरफळां!’’ आम्ही हसलो, पण तो खोटं बोलत नव्हता. बांगड्याच्या आमटीत पडणारं कोकणातलं तिरफळ आणि सेचुआनी मिरी ही झाडं एकाच गोत्रातली आहेत. ही माहिती त्याने घरी येऊन शोधून काढली, आणि शिवाय हेही काढलं की 1968पासून 2005पर्यंत अमेरिकेत ही मिरी आयात करायला बंदी होती, कारण तिच्यातून लिंबू-संत्र्यांच्या झाडांवर रोग येईल अशी इथल्या सरकारला भीती होती. ‘‘सदतीस वर्षं!’’ तात्या असा हळहळला की जणू बंदी त्याच्या आजोळावर होती.

त्याच रात्री आठ वाजता त्याने घरी फोन लावला. कुडाळात सकाळचे साडेआठ. फोन स्पीकरवर, कारण तात्याच्या आनंदाला साक्षीदार लागतात.

‘‘आई, हयसर तिरफळां गावली!’’

‘‘बरां झालां. बांगडो कसो होतो?’’

‘‘बांगडो नाय गे. टोफू. म्हणजे पनीर कसां असता, तसां.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, ‘‘पनीरात तिरफळां कोण घालता?’’ आणि विषय पावसावर गेला.

रविवारी सकाळी तात्या आम्हाला झोपू देत नाही. रसेल स्ट्रीटवर थाई लोकांचं बौद्ध मंदिर आहे, तिथे रविवारी स्वयंसेवक रांधून वाढतात. डॉलर देऊन टोकन घ्यायची आणि ती टोकन देऊन जेवण. पहिल्याच रविवारी तात्या एका कढईपाशी खिळला. काळं बिडाचं पात्र, त्याला गोल गोल खळगे, खळग्यात नारळाच्या दुधात कालवलेलं तांदळाचं पीठ. खानोम क्रोक. ‘‘अप्पेपात्र!’’ म्हणून याने फोन काढला, आजीच्या अप्पेपात्राचा फोटो शोधला आणि पात्रामागे उभ्या असलेल्या बाईंच्या नाकासमोर धरला. बाईंनी चष्मा वर केला, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, आपल्या पात्राकडे पाहिलं आणि काही न बोलता त्याच्या पुडीत दोन जास्तीचे टाकले. तेव्हापासून तो फोटो आमच्या घराचा रविवारचा पास आहे.

आता तुम्हाला वाटेल की हा नुसता बडबड्या. मला ताप आला तेव्हा हाच भर पावसात शॅटक अ‍ॅव्हेन्यूपर्यंत चालत जाऊन काँजी घेऊन आला. डबा उघडून म्हणाला, ‘‘पेज आहे, गप पी.’’ वर आल्याचे तुकडे होते, ते त्याने एकेक करून काढले, कारण मला आलं आवडत नाही हे त्याच्या लक्षात होतं. पैसे विचारले तर ‘‘लिहून ठेवलेत’’ म्हणाला. त्याच्या वहीत सगळ्यांचे पैसे लिहिलेले असतात, मागितलेले कुणाचेच नाहीत.

त्याची खरी फजिती झाली ती गणेश चतुर्थीला. उकडीचे मोदक करायचं ठरलं. मोदकपात्र नव्हतं, म्हणून त्याच्या प्रयोगशाळेतल्या चेंगडूच्या मुलीकडून बांबूची उकडायची टोपली मागून आणली, आणि टोपलीबरोबर तीही आली. तात्या ओट्यापाशी उकडीशी झुंजत होता. त्याच्या मोदकाला कळ्या पडायच्या चार, त्यातल्या दोन फाटायच्या आणि गुळाचं सारण खाली गळायचं. ती मुलगी थोडा वेळ बघत राहिली, मग हात धुऊन शेजारी उभी राहिली. तिने पारी हातात घेतली, अंगठ्याने सारण दाबत दुसऱ्या हाताने कडा चिमटीत धरून फिरवत गेली आणि वर नाजूक शेंडी काढून मोदक टोपलीत ठेवला. कळ्या मोजता मोजता आम्ही थकलो. मग शांतपणे इंग्रजीत म्हणाली, ‘‘हे तर आमचंच आहे. डंपलिंग. फक्त तुम्ही गोड का करता?’’

तात्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कितीएक देशांची जेवणं त्याने विनातक्रार मालवणीत जमा करून घेतली होती. मोदकावर कुणी हक्क सांगेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. ‘‘नो, नो, धिस इज गणपती,’’ एवढंच तो म्हणू शकला. पण नैवेद्याच्या पानात त्याने तिचेच मोदक ठेवले. आईला फोटो पाठवला तोही त्यांचाच, आणि ‘‘कोणी केले?’’ या प्रश्नाला उत्तर दिलं, ‘‘घरीच.’’

तुमच्या घरचं कुणी शिकायला परदेशी निघालं असेल, तर त्याच्याही नशिबी असा एक तात्या असणारच. त्याला माझ्यातर्फे एवढंच सांगा : जेवायला तात्याच्या शेजारी बस, समोर बसू नकोस. समोरचं ताट त्याच्या चमच्याच्या टप्प्यात येतं आणि त्याच्या हिशेबाने तेही आपलंच असतं.