भोकाला डोळा

टोक्योत ओचानोमिझू स्टेशनाबाहेर वाद्यांच्या दुकानांची रांगच आहे. तिथे उकुलेलेच्या खणापाशी रविवारी हे गृहस्थ हमखास सापडतात. साठी उलटलेली, नोकरी संपलेली, खिशात चिमुकली बॅटरी. वाद्य हातात आलं की तार छेडण्याआधी ते भोकाला डोळा लावतात. आतली चिठ्ठी वाचल्याशिवाय त्यांना सूर ऐकू येत नाही.

आपल्याकडे स्थळ सांगून आलं की एखादे काका मुलाचं शिक्षण, पगार सगळं बाजूला सारून ‘मूळचे कुठले?’ एवढंच विचारतात, त्याच जातीचे हे. ‘फेमस चांगला ब्रँड ना?’ असं भाबडेपणाने विचारलंत की संपलंच.

‘‘फेमस हे नाव झालं. बनवतं कोण?’’

बनवते मित्सुबा गाक्की, गुन्मातली. विकते किवाया, १९१९ सालची टोक्योतली पेढी. शिवाय किवायाचे स्वतःच्या नावाचे उकुलेले आहेतच, त्यातले काही पातळ लाकडाचे, हलके, जुन्या अमेरिकन मार्टिनच्या वळणावर गेलेले. म्हणजे नाव एकाचं, हात दुसऱ्याचे, वळण तिसऱ्याचं! हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो, की एखादं लफडं उघडकीला आणलंय असं वाटावं. लफडं काहीच नसतं. कारखान्याने बनवावं आणि पेढीने विकावं ही त्या धंद्यातली सरळ रीत. इबानेझ नाव स्पॅनिश, पेढी नागोयाची होशिनो आणि तिच्या कितीतरी गिटारी घडल्या मात्सुमोतोच्या फुजिगेनमध्ये. पण रीत म्हटलं की गृहस्थ हिरमुसतात.

वेळ असेल तर ते १८७९ पासून सुरुवात करतात : माडेराहून होनोलुलूला लागलेलं जहाज, त्यातले पोर्तुगीज सुतार, त्यांचं चार तारांचं वाद्य. घाईत असाल तर हाइदांपासून. हवाईत जन्मलेल्या युकिहिको हाइदांनी १९५९ साली जपानात उकुलेलेवाल्यांची संघटना उभी केली, हे ते घरच्या कार्यासारखं सांगतात. युद्धात हवाईयन संगीत शत्रूचं ठरलं होतं, तो भाग मात्र भराभर उरकतात. त्यात ब्रँड येत नाहीत.

वाजवतात का? वाजवतात ना. तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवलं की सी कॉर्ड लागते. ती ते फार सुरेख लावतात.

परवा एक कॉलेजचा मुलगा शिकण्यापुरतं काहीतरी घ्यायला आला होता. त्याने तासभर मान डोलावली, आभार मानले, कमरेत वाकला आणि पलीकडच्या काचेतली ली ऑस्कर हार्मोनिका मागितली. माउथ ऑर्गनला भोकात चिठ्ठी नसते, असा बिचाऱ्याचा हिशोब असावा.

गृहस्थ त्याच्या मागे पोचलेच.

‘‘नाव अमेरिकन आहे हं,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘बनवतं तोम्बो. इथलंच.’’