एका कड्याचे तीन लाख

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी दोन सेडान गाड्या जुळवल्या जायच्या. एक स्कोडा सुपर्ब, दुसरी ऑडी ए४. दोघींचे इंजिन दोन लिटरचे, टर्बो पेट्रोल. दोघींची ताकद १९० अश्वशक्ती, टॉर्क ३२० न्यूटन मीटर. गिअरबॉक्स दोघींचा सात गिअरचा, दोन क्लचवाला, आणि इंजिनाचा सगळा जोर दोघींतही पुढच्याच चाकांवर. सुपर्ब मे २०२० मध्ये नव्या रूपात आली ती २९.९९ लाखांपासून. जानेवारी २०२१ मध्ये ए४ आली, तिची किंमत सुरू झाली ४२.३४ लाखांपासून.

फरक सव्वाबारा लाखांचा. महाग गाडी मोठी असेल असे कोणालाही वाटेल, पण इथे उलटे होते. सुपर्ब लांबीला दहा सेंटिमीटरने जास्त. तिची डिकी ६२५ लिटरची, ए४ची ४६० लिटरची. शिवाय सुपर्बच्या दारात छत्री ठेवायला खास कप्पा आणि कप्प्यात छत्री. ही चैन एरवी रोल्स रॉइसच्या गिऱ्हाइकाला मिळते. तरी मग सव्वाबारा लाख गेले कुठे? ते गाडीच्या नाकावर दिसत होते. चार कडी, एकात एक अडकवलेली. साधा भागाकार केला तर एक कडे तीन लाखांना पडते, वर थोडे सुटे.

ही कडी १९३२ सालची. जर्मनीतल्या चार कंपन्या तेव्हा ऑटो युनियन या नावाने एकत्र आल्या: ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वाँडरर. एका कंपनीचे एक कडे. त्यांपैकी ऑडी सोडून बाकी तिघींच्या नावाच्या गाड्या केव्हाच बंद पडल्या. म्हणजे चारचौघांत ऑडीतून उतरणारा माणूस नऊ लाख रुपये तीन दिवंगत कंपन्यांच्या नावाने सोडून आलेला असतो. परक्यांच्या पितरांवर एवढा खर्च करणारा समाज जगात विरळाच.

ऑडीवर अन्याय नको. स्कोडात इंजिन बॉनेटखाली आडवे बसवलेले असते, ऑडीत ते गाडीच्या लांबीच्या दिशेने. ते नव्वद अंशांत वळवून घ्यायला काही खर्च येतच असणार. आतले प्लास्टिक जास्त मऊ, बटणांची टिकटिक जास्त खानदानी. दार लावले की येणारा जाडजूड आवाज ऐकूनच अनेकांनी चेकबुक काढलेले आहे.

मर्सिडीजवाल्यांनी यावर हसू नये. मार्च २०२१ मध्ये त्यांनी ए-क्लास लिमोझिन आणली, ३९.९० लाखांपासून. मर्सिडीजची चांदणी हवी पण बजेट पुरत नाही, अशांसाठी. तिच्यातले १.३ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन डाइम्लरने, म्हणजे मर्सिडीजच्या मालक कंपनीने, रेनॉ-निसानच्या बरोबरीने तयार केले होते. त्याच घराण्यातले इंजिन ऑगस्ट २०२० मध्ये भारतातल्या रेनॉ डस्टरमध्ये बसून आले होते, आणि ती डस्टर साडेदहा लाखांपासून मिळत होती. डस्टरची ताकद १५६ अश्वशक्ती, ए-क्लासची १६३. मधल्या सात घोड्यांचा दर ज्याने त्याने काढावा. सोसायटीच्या गेटवर वॉचमन मात्र डस्टरला शिट्टी मारतो आणि ए-क्लासला सलाम ठोकतो, आणि हा फरक कोणत्याही तक्त्यात दाखवता येत नाही.

लेक्सस ईएस आणि टोयोटा कॅम्री यांचीही कथा हीच. दोन्ही गाड्या बंगळूरजवळच्या बिडदीत जुळतात, दोन्हींत अडीच लिटरचे हायब्रिड इंजिन, सांगाडाही एकाच जातकुळीचा. कॅम्री डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाखांना आली, तेव्हा लेक्सस ईएस होती साठ लाखांच्या वर. फरक एवढाच की लेक्सस घेणाऱ्याला ही कोणती कंपनी हे पाहुण्यांना दर वेळी समजावून सांगावे लागते. प्रतिष्ठा स्वतःच्या तोंडाने सांगावी लागली की तिची किंमत घसरते, म्हणून मराठी उद्योजक या वाटेला फारसा जात नाही.

पिकते तिथे विकत नाही हे आपल्याकडे जुने दुखणे, आणि मोटारींतही ते खरे ठरले. ऑक्टोबर २०१० मध्ये छत्रपती संभाजीनगरातले, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतले उद्योजक, डॉक्टर, वकील, बिल्डर असे सगळे एकत्र आले आणि त्यांनी एकदम १५० आलिशान गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. ऑडी त्यांच्याच गावाच्या वेशीवर जुळत होती, तरी गाड्या आल्या मर्सिडीजच्या, म्हणजे पुण्याजवळच्या चाकणहून. मराठवाड्याने पुण्याकडून काही घेतले आणि त्यावर कोणी कुरकुर केली नाही, असा हा अपवादात्मक प्रसंग. स्टेट बँकेने या खरेदीला सात टक्के व्याजाने कर्ज दिले. त्याच भागातला शेतकरी ट्रॅक्टरसाठी त्याहून कितीतरी चढे व्याज भरतो, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहून दाखवले. बँकेच्या हिशेबाने ट्रॅक्टर जोखमीचा ठरला असावा. तो चिखलात जातो; मर्सिडीज पोर्चमध्ये उभी असते.

मर्सिडीजने भारतात बस्तान बसवले तेही पुण्यातच. १९९५ मध्ये टेल्कोच्या सोबतीने तिने जी ई-क्लास जुळवायला घेतली, तिची जागा घ्यायला युरोपात त्याच वर्षी नवे मॉडेल आले होते. तिकडे उतरलेली गाडी इकडे वधूवेषात आली, आणि पाहणाऱ्यांना ती नव्या नवरीइतकीच कौतुकाची वाटली. पुढे युरोपातले शिळे इकडे खपवायची सोय राहिली नाही, कारण बीएमडब्ल्यू २००७ मध्ये चेन्नईत कारखाना टाकून बसली आणि दोनच वर्षांत खपात मर्सिडीजच्या पुढे गेली. २०१३ मध्ये १०,००२ गाड्या विकून ऑडी पहिली आली. २०१५ मध्ये मर्सिडीजने गादी परत मिळवली. २०२४ मध्ये तिच्या १९,५६५ गाड्या गेल्या आणि ऑडीच्या ५,८१६. अकरा वर्षांत एवढी उतरती कळा लागलेल्या ब्रँडची प्रतिष्ठाही निम्म्यावर आली का, हे ऑडीवाल्यांना विचारायची कोणाची छाती नाही.

खरी लढाई सध्या मागच्या सीटवर चालू आहे. जर्मन अभियंते पन्नास वर्षे स्टिअरिंगचा तोल, वळणावरची पकड, पुढच्या-मागच्या चाकांवरचे समसमान वजन यांवर झिजले, आणि त्या सगळ्या सुखाचा लाभ भारतात पगारी ड्रायव्हरला झाला. मालक मागे. हे उमगल्यावर कंपन्यांनी गाडीच मध्ये ताणून दिली. जुलै २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने लांब ५ सीरिज आणली, ७२.९० लाखांना. ऑक्टोबरमध्ये मर्सिडीजने नवी लांब ई-क्लास आणली, ७८.५० लाखांपासून. दोघींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर पाहा: बीएमडब्ल्यूचे ३,१०५ मिलिमीटर, मर्सिडीजचे ३,०९४. अकरा मिलिमीटरने बीएमडब्ल्यू पुढे. करंगळीच्या पेराएवढ्या या जागेसाठी दोन बलाढ्य कंपन्यांचे अभियंते रात्ररात्र जागले असतील.

कागदावर पाहिले तर निकाल एकतर्फी आहे. बीएमडब्ल्यू लांब, २५८ अश्वशक्तीची आणि तेव्हा साडेपाच लाखांनी स्वस्त. मर्सिडीजची पेट्रोलवरची ई २०० आखूड, २०४ अश्वशक्तीची आणि महाग. तरी वर्षानुवर्षे देशातली सर्वाधिक खपणारी आलिशान गाडी म्हणून मिरवते ती ई-क्लासच. कारण विचाराल तर तिची मागची पाठ ३६ अंशांपर्यंत झुकते. सातारा रस्त्याच्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या माणसाला २५८ घोडे काय कामाचे? तिथे तो आणि शेजारचा टेम्पोवाला एकाच वेगाने सरकत असतात. फरक एवढाच की एकजण लवंडलेला असतो.

सरकारही या प्रतिष्ठेत आपला वाटा ठेवून आहे. पूर्वी अशा गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर वीस-बावीस टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० टक्के झाला. त्याच ४० टक्क्यांच्या पंगतीत बाटलीतली सोडावाली शीतपेये बसतात, म्हणजे दिल्लीच्या लेखी ई-क्लास आणि ढेकर एकाच वर्गातले. मग आरटीओ. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २०. साडेअठ्ठ्याहत्तर लाखांवर तेरा टक्के म्हणजे दहा लाखांच्या वर. तेवढ्यात एक चांगली नवी छोटी गाडी दारात येते, आणि ती खड्ड्यात गेली तर जीवही कमी हळहळतो. अनेक गाड्यांवर कमी कर घेणाऱ्या पुदुच्चेरीची पाटी दिसायची ती याच हिशेबापायी. मालकाचे घर बाणेरला आणि गाडी मात्र कागदोपत्री समुद्रकिनारी राहणारी.

पाटीवरचे आकडे हे आणखी एक खाते. ऑगस्ट २०२४ पासून पुण्या-मुंबईत चारचाकीसाठी ‘०००१’ या क्रमांकाचा सरकारी दर सहा लाख झाला. गंमत अशी की हाच क्रमांक ज्याच्या फॉर्च्युनरवर असतो, त्याच्यासमोर ई-क्लासवाला बाजूला सरकतो. १ मे २०१७ पासून लाल दिवे उतरले, तेव्हा सत्तेला दुसरी खूण हवी होती. ती पांढऱ्या, उंच, काळ्या काचांच्या गाडीने दिली. कोणत्याही तालुक्याच्या बाजार समितीत हे पाहता येते: सेडानवाला पैसेवाला मानला जातो, फॉर्च्युनरवाला ‘भाऊ’ असतो. सेडान कितीही लाखांची असो, ती स्पीडब्रेकरवर पोट घासते, आणि पोट घासणाऱ्या गाडीतून उतरणाऱ्या नेत्याला मत कोण देणार? इंडियन रोड्स काँग्रेसने स्पीडब्रेकरची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. आपल्याकडचे स्पीडब्रेकर ज्याच्या दारासमोर ते असतात त्याच्या रागाच्या मापाने घातले जातात.

मूल्याचा खरा निवाडा जुन्या गाड्यांच्या बाजारात लागतो. तिथला दलाल कडी मोजत नाही आणि चांदणीकडे पाहत नाही. तो टायर पाहतो, सर्व्हिसची नोंद मागतो, दाराच्या रबराखाली बोट घालून गाळ लागतो का ते बघतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईच्या दलालांना या बोटाचे वेड लागले आहे. इंजिनात पाणी शिरल्यावरचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत धरत नाहीत, त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ते न घेतलेल्या गाड्या धुऊनपुसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातात. तरीही पाच वर्षांची जर्मन सेडान नव्या क्रेटाच्या भावात मिळते तेव्हा तालुक्याच्या गावातला जिमवाला किंवा उगवता बिल्डर ती आनंदाने घेतो. नवी गाडी घेणाऱ्याने सगळी झीज आपल्या अंगावर घेतली, आपण फक्त थाट घेतला, असा त्याचा हिशेब असतो. पहिला हेडलाइट फुटेपर्यंत तो हिशेब अगदी बरोबरही असतो. गाडी निम्म्या किमतीला मिळते. तिचा सुटा भाग कधीच निम्म्या किमतीला मिळत नाही.

या सगळ्या स्पर्धेचे सगळ्यात जाणकार परीक्षक मात्र तळघरातल्या पार्किंगमध्ये असतात. कुठल्याही मोठ्या मंगल कार्यालयाबाहेर किंवा मॉलच्या खाली पाचसहा ड्रायव्हर एका बॉनेटभोवती उभे असतात. त्यांनी तिन्ही जर्मन कंपन्यांच्या गाड्या चालवलेल्या असतात, त्याही मालकापेक्षा जास्त किलोमीटर. कोणाच्या सीटने कंबर धरत नाही, कुठल्या एसीला उन्हात दम लागतो, कुठली गाडी कात्रजच्या चढावर खुशीत असते, हे त्यांना तोंडपाठ असते. चाकामागच्या सुखात ते बहुधा बीएमडब्ल्यूला मत देतात, झोपेच्या सोयीसाठी मर्सिडीजला, आणि ऑडीचे नाव निघाले की तिच्या लाइटचे कौतुक करतात. एकूण पहिला नंबर मात्र त्या गाडीला जातो जिचा मालक रात्री नऊच्या आत घरी परततो, मग ती एर्टिगा असली तरी चालते.