तीनशे पर्याय आणि आमचे आबाजी

यवतमाळात जून उजाडला की दोनच प्रश्न कानावर येतात. कपाशीचं बियाणं कोणतं घेतलं, आणि पोट्टं कुठं टाकता? दोन्हींची उत्तरं कृषी केंद्राच्या काउंटरवर एकाच माणसाकडून मिळतात. बियाण्याच्या बाबतीत तो निदान 'पाऊस पडला तर' अशी अट तरी घालतो.

यंदा पाळी आमच्या वणीच्या ताईच्या मुलाची होती. सीईटीत त्याला असा पर्सेंटाइल मिळाला की अभिनंदन करणारा प्रत्येक जण वाक्याच्या शेवटी 'पण' म्हणून थांबायचा. त्यात त्यानं आधीच जाहीर करून टाकलं होतं की मला बीईवर थांबायचं नाही, पुढं एमटेक नाहीतर अमेरिकेत एमएस करायचं. झालं! घरात दोन पक्ष पडले.

पहिल्या पक्षाचे पुढारी म्हणजे आमचे शेजारी. हे एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, "बीईचं काय घेऊन बसले राजेहो, कुठूनबी करा. लोकं लास्ट डिग्री पायतात." दुसरा पक्ष भाऊजींचा. "बीईचं कॉलेज साधं निघालं तर एमएसले कोण उभं करते?" दोघांपैकी कुणीही एमएस केलेलं नसल्यानं वाद पुराव्याअभावी अडला नाही.

खरी गंमत 'होम युनिव्हर्सिटी'ची. बहुतेक कॉलेजांत 70 टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या पोरांना, 30 टक्के बाहेरच्यांना. हद्द ठरते बारावी कुठून केली त्यावर. पोरगा वणीचा. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा, तिथं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. पण ते गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीत, म्हणजे परकं. नागपूर, जिथं ताईचा दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि दोन नणंदा, तेही परकं. आणि अमरावती, जिथं ती जन्मात एकदा अंबादेवीच्या दर्शनाला गेली, ते मात्र होम!

यावर घरातल्या वडीलधाऱ्या आबाजींना बोलायचं होतंच. त्यांची पदवी 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाची. "1 मे 1983 ले अमरावतीचं येगळं केलं. आम्हाले कोणी इचारलं नाही," असं ते अजून म्हणतात, जणू वाटणीत त्यांचा धुरा सरकला. तसं 1983 हे साल विदर्भाला भरभरून देणारंच होतं. वसंतदादांनी खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि पुसद, बडनेरा, शेगाव, सेवाग्राम अशी कॉलेजं एका दमात उभी राहिली. त्याच वर्षी कपिलनं वर्ल्ड कपही आणला. आबाजींना यातलं फक्त विद्यापीठ गेलेलं आठवतं.

ऑप्शन फॉर्म भरायची रात्र आली. फॉर्मला पर्याय भरता येतात तीनशेपर्यंत. घरादाराची मिळून माहिती बोटांवर संपणारी. भाऊजींनी पहिल्याच ओळीत नागपूरचं व्हीएनआयटी सांगितलं. भाच्यानं दोनदा समजावलं की ते जेईईवर मिळतं, या फॉर्मात त्याचं नावच नाही. भाऊजी म्हणाले, "टाकून तर पाय, नाही म्हनलं तर नाही म्हनलं." मग पुण्याचं सीओईपी वर गेलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं ते नाव पहिल्या नंबरावर टाकायचं असतं. बसायला मिळणार नाही हे रुमालालाही ठाऊक असतं.

पुण्याच्या बाजूनं भाच्याचा मुद्दा मात्र बिनतोड होता. नागपूरच्या त्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे ते विश्वेश्वरय्या स्वतः इंजिनिअरिंग शिकले पुण्यात. 1883 साली तिथून बाहेर पडले. आणि त्याआधी बंगळुरूला बीए केलं होतं. "म्हंजे पयली डिग्री कुठूनबी केली तरी चालते," शेजाऱ्यांनी ताबडतोब हिशेब मांडला. भाऊजी गप्प. मोठ्या माणसांच्या चरित्राचा हा एक गुण आहे, ते दोन्ही पक्षांना पुरतं.

शेजारी कॉलेजं मोजतात ती गाड्यांवर. कुठल्याही कॉलेजाचं नाव घ्या, नॅकची ग्रेड नाही सांगणार, पण मुक्कामी गाडी किती वाजता सुटते ते सांगतील. पुण्याला जायचं तर रात्रभराची ट्रॅव्हल्स, नाहीतर धामणगावला जाऊन रेल्वे. आमच्या यवतमाळची शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरपर्यंत न्यायची, तीही बंद पडली. वर्ध्याहून येणारी नवी रेल्वे 2024 मध्ये कळंबपर्यंत पोचली. म्हणजे तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेता येईल, पुण्याचं नाही. ताईचा निकष याहून सोपा होता. सकाळी एसटीत ठेवलेला डबा संध्याकाळच्या आत पोचला पाहिजे. या एका अटीवर निम्मा महाराष्ट्र बाद झाला.

पुढच्या शिक्षणाचा विचार या सगळ्यात एकट्या भाच्यानं केला होता, म्हणून त्याचं कुणी ऐकत नव्हतं. एमटेकसाठीच्या गेटचा पेपर तीन तासांचा, शंभर मार्कांचा, आणि त्यात कॉलेजाचं नाव कुणी विचारत नाही, असं तो सांगत होता. अमेरिकेचं तसं नाही. तिकडं शिकवणाऱ्या सरांची शिफारसपत्रं लागतात, बहुधा तीन. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा तोंड उघडावंसं वाटलं. मी हायस्कूलचा मास्तर. आयुष्यभर दाखले लिहिले. 'वर्तणूक चांगली' हे शब्द मी ज्याचा चेहरा आठवत नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेले असत. ज्यानं प्रयोगशाळेत परीक्षानळी फोडून पुन्हा प्रयोग केला, त्याच्याबद्दल अर्धं पान सहज सुचायचं. तेव्हा मी म्हणालो, मोठ्या नावाच्या गर्दीत सर ओळखणार नसतील, तर जिथं सरांना याचं नाव माहीत होईल असं कॉलेज वर घ्या. आणि आधी ब्रँच ठरवा. खोलीत शांतता पसरली. ब्रँच कुणी ठरवलीच नव्हती. पहाटेपर्यंत मग तेच चाललं, आणि मेकॅनिकल म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्ती नव्हे हे आबाजींना पटवण्यात तिसरा चहा गेला.

पहिल्या राऊंडला अमरावतीचं सरकारी कॉलेज लागलं, 1964 सालचं, मेकॅनिकलला. यादीत ते चौथं होतं, म्हणून पुढच्या राऊंडची वाट पाहायची की नाही यावर पुन्हा बैठक बसणार होती. पण भाच्यानं कुणाला न विचारता जागा फ्रीज करून टाकली. ताईनं पेढे आणले. शेजाऱ्यांनी दोन उचलले, वणी ते अमरावती गाड्यांच्या वेळा तोंडपाठ सांगितल्या आणि चप्पल घालता घालता भाच्याला बाजूला घेतलं.

"हे बेस झालं. पण चार वर्सानं एमएसले टेक्सासले जाऊ नको बावा. तिकडं ऊन लय असते म्हंतात."