तुटेपर्यंत ताणू नये

टायमिंग बेल्टचा टेन्शनर बसवायला रविवारची सकाळ धरावी. इंजिन रात्रभर उभं राहून गार पडलेलं असतं, आणि ते तसंच हवं. तापलेलं ॲल्युमिनियम फुगतं, त्यावर जुळवलेला ताण गार झाल्यावर ढिला पडतो. मात्र रविवारी सोसायटीतले तज्ज्ञही पार्किंगमध्ये मोकळे असतात. त्यांची सोय आधी लावावी. एकाला वायसर आणायला पाठवावं, दुसऱ्याला तो बदलून आणायला.

पूर्वी टायमिंग बेल्टच्या जागी साखळी असे. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीची १००४ ही गाडी दातेरी रबरी पट्टा घेऊन आली. आपल्याकडे तो मारुती ८००मधून दारोदार पोचला. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, हा हिशेब सांभाळणं एवढंच या पट्ट्याचं काम. ढिला राहून दोन-चार दात सटकला, की बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडतो. पुढचा खर्च मेकॅनिक सांगतोच, पण आधी चहा मागवतो.

टेन्शनर म्हणजे मुठीएवढी कप्पी. तिचं मधलं भोक मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं, म्हणून ती फिरवली की बेल्टवर रेलते. कित्येक टेन्शनरांच्या पाठीला पत्र्याचा एक कान असतो. तो इंजिनावरच्या खोबणीत बसायला हवा, आणि समोरून तो दिसत नाही. कान बाहेर राहिला तरी नट बिनतक्रार आवळला जातो, हीच खरी फसवणूक. तेव्हा मागे बोट घालून चाचपावं. बोट काळं होऊन जरासं कापलं, तर कान सापडला असं समजावं.

आता कप्पीत ॲलन की घालून तिच्यावरच्या बाणाच्या दिशेनं फिरवावं. टेन्शनरवरचा काटा सरकत खाचेसमोर येतो. इथे थांबायचं. आणि इथेच आपला हात थांबत नाही. लोणच्याची बरणी असो की गळका नळ, ‘अजून थोडं’ म्हटल्याशिवाय काही आवळलं असं आपल्याला वाटतच नाही. पण जादा ताणलेला बेल्ट वॉटर पंपाचं बेअरिंग खातो, गाडी कण्हायला लागते, आणि शेजारी विचारतात, ‘टर्बो बसवलात का?’

नट आवळताना काटाही त्याच्यासोबत ओढला जातो, म्हणून दुसऱ्या हातानं ॲलन की घट्ट धरावी. नट नवा घ्यावा. किती आवळायचा तो आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो आणि वाचून निराशा होते: बऱ्याच गाड्यांत जेमतेम २० ते २५ न्यूटन-मीटर. चाकाच्या नटाला याच्या चार-पाचपट लागतं. टॉर्क पाना ‘टक्’ म्हणाला की त्याचं ऐकावं.

मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवावं, तेही ते चालताना फिरतं त्याच दिशेनं. स्टार्टर मारून बघण्याची हौस आवरावी. मध्येच काही अडलं तर जोर लावू नये. तो व्हॉल्व्ह असू शकतो. दोन फेऱ्यांनी क्रँक आणि कॅमवरच्या सगळ्या खुणा जुळल्या आणि काटा पुन्हा खाचेसमोर आला, तर जमलं. नाही आला, तर नट सोडून पहिल्यापासून.

जमलं की कव्हर ताबडतोब लावून टाकावं. वायसर बदलायला गेलेले काका एव्हाना गेटपाशी आलेले असतात, आणि काट्याकडे लांबूनच बघून म्हणतात, ‘अजून थोडं बसेल की!’