हँग भाऊ

पांढुर्णा आणि सौंसर ही गावं 2023 साली छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेली. कारभार भोपाळचा, संत्र्याचा बाजार नागपूरचा, बोलणं मराठीत आणि फॉर्म हिंदीत. या सगळ्यांची मोट बांधायला चौकाचौकात एकेक कियोस्कवाला भाऊ बसलेला असतो.

भाऊच्या दुकानात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि कायम चिडलेले आठ-दहा लोक असतात. 'समग्र' आयडीची केवायसी, लाडली बहनाचं काम, जमिनीच्या खसऱ्याची नक्कल, पोराची स्कॉलरशिप, सगळं इथंच. आणि दर अर्ध्या तासानं भाऊ जाहीर करतो, "हँग मारून राह्यलं जी."

"काहून?"

"व्हायरस असन."

मग उपचार सुरू. आधी रिफ्रेश. एकदा नाही, माळ जपावी तसं. रिफ्रेशनं डेस्कटॉपची चित्रं फक्त पुन्हा काढली जातात, वेग तसूभर वाढत नाही. पण अख्खं दुकान श्रद्धेनं पाहत असतं. मग डब्याला थाप. तरी ढिम्म, तर टास्क मॅनेजर. कुणीतरी शिकवलेली युक्ती: प्रोग्रामवर उजवी क्लिक करून प्रायॉरिटी 'हाय'. ब्राउझर हाय, प्रिंटरचा प्रोग्राम हाय, गाणी वाजवणाराही हाय. विंडोजमध्ये शून्य ते एकतीस अशा पायऱ्या आहेत आणि साधं काम आठव्या पायरीच्या आसपास बसतं. सगळ्यांनाच वर चढवलं की पुन्हा सगळे एकाच पायरीवर. एकदा तर भाऊनं ब्राउझरला थेट 'रिअलटाइम' दिलं. माऊसचा बाण जागच्या जागी थिजला आणि भाऊनं निष्कर्ष काढला, "माऊस खराब हाये."

गंमत अशी की मशीनच्या पोटात जे चालतं, ते भाऊ स्वतः काउंटरवर दिवसभर करतो. एकाचा ओटीपी येईपर्यंत दुसऱ्याचा अंगठा, त्याचा अंगठा उमटेना तोवर तिसऱ्याची झेरॉक्स. परत पहिल्याकडे वळला की आधी विचारणार, "तुमचं काय होतं जी?" कॉम्प्युटरचाही असाच वेळ जातो, एक काम ठेवून दुसरं उचलताना. फरक न्यायाचा. जो मोठ्यानं ओरडेल त्याचं काम भाऊ आधी करतो. कोपऱ्यातल्या स्टुलावर धोतरातले काकाजी सकाळपासून सातबाऱ्यासारखे, चुकलो, खसऱ्यासारखे घडी घालून बसलेले. विंडोज साधारण चार सेकंद ताटकळलेल्या कामाला शोधून थोड्या वेळापुरतं वर चढवतं. काकाजींची आठवण भाऊला चार वाजता येते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते. दुकान बंद. वर्षातून तेवढा एक दिवस मशीन हँग होत नाही.

यंदा पॉलिटेक्निकचा भाचा सुटीत आला. त्यानं मामाला कॉन कोलिव्हासची गोष्ट सांगितली. हा ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवणं हा पेशा आणि कॉम्प्युटर जागा ठेवणं हा छंद. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर साधी खिडकी सरकवतानाही गचके बसतात म्हणून त्यानं कामांना वेळ वाटून देण्याची स्वतःची पद्धत लिहिली. 2007 साली लिनक्सनं ती न घेता इंगो मोल्नार या प्रोग्रामरची घेतली, मात्र सर्वांना सारखा वाटा या विचाराचं श्रेय मोल्नारनं कोलिव्हासला दिलं. 2009 साली कोलिव्हास गडी नवी पद्धत घेऊन पुन्हा हजर.

"डॉक्टर असून?" भाऊनं एवढंच विचारलं. "मग दवाखाना कोन पाहे?"

भाच्यानं मशीन उघडून पाहिलं. दोन अँटिव्हायरस, दोघंही एकच फाइल आळीपाळीनं तपासत बसलेले. शिवाय सुरू होतानाच जागे होणारे डझनभर प्रोग्राम. एक अँटिव्हायरस काढला, बाकीच्यांना झोपवलं, प्रायॉरिट्या होत्या तशा केल्या. मशीन पळायला लागलं.

भाऊ अस्वस्थ. आता गिऱ्हाइकाला सांगायचं काय? दोन दिवस त्याला गप्प गप्प काढावे लागले. तिसऱ्या दिवशी काकाजी पुन्हा आले, तेव्हा भाऊचा चेहरा खुलला होता.

"बसा काकाजी. सर्व्हर डाऊन हाये जी."