रीचवाले भाऊ

नांदेडला वजिराबादेत एक, लातूरला औसा रोडवर एक, असे रीचवाले आता मराठवाड्यात कुठंही सापडतात. पूर्वी यांच्या जागी डिजिटल बॅनरवाला असायचा. बॅनरवर मोठ्या नेत्याच्या डोक्यापेक्षा भावी नगरसेवकाचं डोकं लहान ठेवता आलं की त्याचं भागायचं. रीचवाल्याला रीचचा, म्हणजे मोबाइलवर किती जणांनी बघितलं याचा, हिशेब कळावा लागतो, आणि तो कुणाला कळू द्यायचा नाही हे त्याहून जास्त कळावं लागतं.

वय सव्वीस-सत्तावीस. शिक्षण विचारलं की ‘इंजिनिअरिंग केलं’ म्हणतो. ‘झालं’ म्हणत नाही. माळेगावच्या यात्रेत लोक घोड्याचे दात बघतात, तर हा कुठल्या घोड्यासमोर किती मोबाइल उभे आहेत ते मोजतो. त्याच्या हाताखाली सात-आठ ‘पेजेस’ असतात. त्यातल्या दोन पेजेसचे उमेदवार एकाच प्रभागात एकमेकांविरुद्ध उभे असतात आणि दोघांनाही ‘लाट आपलीच आहे’ हे तोच सांगतो.

त्याचे सोन्याचे दिवस २०२४च्या ऑगस्टात आले. इन्स्टाग्रामनं रील, फोटो, स्टोरी या सगळ्यांना ‘व्ह्यूज’ हे एकच मोठं माप लावलं. एकाच माणसानं पाच वेळा बघितलं तर रीच एक, व्ह्यूज पाच. मार्च २०२५ संपता संपता यूट्यूबनंही शॉर्ट नुसतं सुरू झालं तरी व्ह्यू धरायला घेतला. बघणारे तेवढेच राहिले, आकडे मात्र फुगले. ‘साहेब, जनता आपल्याकडं वळायलीय,’ रीचवाल्यानं कळवलं. साहेबांनी पेढे वाटले. माप बदललंय का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पण कंपनीवाल्यांना दम कुठला! दर काही महिन्यांनी ते नवी सोय आणतात, आणि नवी सोय म्हणजे रीचवाल्याच्या डोक्याला नवा ताप. डिसेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामवर ‘ट्रायल रील’ आली. फॉलोअर नसलेल्यांना आधी दाखवायचं, चाललं तर सगळ्यांसाठी सोडायचं. त्यानं साहेबांचं भाषण अनोळखी लोकांवर सोडून बघितलं. काय निघालं ते कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक रीलमध्ये साहेबांचे फक्त ओठ हलतात आणि वर गाणं वाजतं.

२०२५ मध्ये तर रीलच्या नेमक्या कोणत्या क्षणाला लोकांनी लाइक दिलं, तेही दिसायला लागलं. नालीच्या भूमिपूजनाची रील होती. सगळे लाइक चौथ्या सेकंदाला, जिथं बाजूनं बकरी येऊन सत्काराचा हार खाते. साहेबांनी तोंड उघडल्यावर रेघ आडवी झाली ती उठलीच नाही. रीचवाल्यानं स्क्रीनशॉट बकरीपुरता कापून नेला.

‘हे बघा साहेब, किती वर गेलंय!’

‘इथं मी काय करायलोय?’

‘उभे आहात की! तुमची उभं राहायची स्टाइलच आवडायलीय लोकाला.’

वयोगटाचा तक्ता हे त्याचं दुसरं दुखणं. साहेबांच्या रील बघणाऱ्यांत तेरा ते सतराचा खांब सगळ्यात जाडजूड. बघायला मोबाइल आहे, टाकायला मत नाही! रीचवाला त्यांना ‘भावी मतदार’ म्हणतो. भावी नगरसेवकाला भावी मतदार, तक्रार कशाची? हाच खांब तो लातूरला नेतो तेव्हा त्याचं सोनं होतं, कारण लातूर पॅटर्नच्या गावात त्याचं गिऱ्हाईक नीटचा क्लास असतो. ‘सर, सगळे दहावी-बारावीचेच बघुलालेत,’ असं म्हटलं की पुढच्या वर्षाचं पॅकेज पक्कं.

शहरांची यादी मात्र तो कुणालाच पूर्ण दाखवत नाही. वर पुणं, खाली हैदराबाद, त्याखाली नांदेड. आपली पोरं पोटापाण्यासाठी जिथं गेली, तिथून ती गावाकडच्या रील बघत बसतात. ॲपमधल्या ‘इनसाइट्स’च्या तक्त्यांना ते बरोबर दिसतं. साहेबांना दिसलंच चुकून, तर उत्तर तयार असतं: ‘दिवाळीला येतेत की, मग मतदानाला येणार नाहीत का?’

हे सगळं मी तुच्छतेनं लिहीत नाही. खोटा आकडा तो सांगत नाही, हे त्याचं इमान मान्य करायलाच हवं. तो फक्त खरा आकडा निवडून सांगतो, आणि ऐकणाऱ्यालाही तेवढाच हवा असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीचा निकाल १,४५७ मतांच्या फरकानं लागला. रीचवाल्याला हा आकडा सांगितला तर तो हसतो. ‘एवढे व्ह्यूज तर मला सकाळच्या चहाआधी पडतेत.’

तेव्हा मंडळी, तुमच्या प्रभागातल्या भावी नगरसेवकाची रील बकरीसाठी बघायचीच असेल तर एकदाच बघा. पुन्हा बघितलीत तर तेही जनतेच्या पाठिंब्यात धरलं जाईल.